दहापैकी नऊच का? जन्मल्याबरोबर बाळाचे काय पाहिले जाते

जुनी सिस्टर (धागा)

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक आजीबाई नातवाचे डिस्चार्ज कार्ड पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या. कार्डावर "ॲपगार ८, ९" असे लिहिले होते आणि हे गुण दहापैकी असतात, एवढे त्यांना शेजारच्या मुलाने सांगितले होते. "सिस्टर, लेकराचा एक गुण कशात कापला? डोक्यात तर काही कमी नाही ना?" असे त्यांनी विचारले. त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या, आणि सून बाजेवर पडल्या पडल्या रडत होती. मी त्यांची समजूत घातली, पण हाच प्रश्न कितीतरी घरांत कोणाला न विचारताच मनात राहत असेल, असे त्या गेल्यावर वाटले. म्हणून हा धागा.

यवतमाळ जिल्ह्यात आधी उपकेंद्रावर आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळून ३१ वर्षे मी आरोग्यसेविका होते. मूल हातात आले की माझी नजर आधी गुणांकडे कधी गेली नाही, आणि कोणाचीच जाऊ नये. पहिल्यांदा एकच पाहायचे असते : लेकरू रडते आहे का, किंवा रडत नसले तरी नीट श्वास घेते आहे का. पोटात असताना त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असते, आणि प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत नाळेने येतो. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांच्या जोराने ते पाणी सरून तिथे हवा भरावी लागते, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या उघडाव्या लागतात, आणि वारेकडून येणारा पुरवठा बंद पडता पडता हे सगळे जुळून यावे लागते. बहुतेक लेकरांचे ते आपोआप जुळते. साधारण दहांत एकाला थोडी मदत लागते, आणि शंभरात एखाद्याला पुष्कळ.

केंद्र सरकारने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. न रडणाऱ्या बाळाला जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत बॅग आणि मास्कने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने आणि नाकातोंडावर बसणाऱ्या मुखवट्याने, श्वास मिळू लागला पाहिजे, हे त्या प्रशिक्षणात आमच्या मनावर पक्के बिंबवले गेले. त्याआधी आम्ही काय करत होतो हे आठवले की मला अजूनही बोचते. पाय धरून उलटे लटकवायचे, पाठीत थापट्या मारायच्या, तोंडावर गार पाण्याचा हबका मारायचा. गावच्या सुईणी कांदा फोडून नाकाशी धरत, कानाशी ताट वाजवत, किंवा नाळ न कापता वार निखाऱ्यावर तापवत, म्हणजे जीव नाळेतून परत येईल. त्या बायांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या खटपटीत जी मिनिटे जात ती लेकराची असत.

आजचा क्रम सोपा आहे. लेकरू रडले, तर कोरड्या ऊबदार कपड्याने अंग पुसायचे, तो ओला कपडा बाजूला टाकायचा, लेकराला आईच्या उघड्या पोटावर किंवा छातीवर ठेवून दोघांवर दुसरा कोरडा कपडा घालायचा, डोक्याला टोपी घालायची, आणि नाळ कापायला एक ते तीन मिनिटे थांबायचे, कारण तेवढ्या वेळात वारेतले उरलेले रक्त लेकराकडे जाते आणि त्यातले लोह पुढे कित्येक महिने त्याला पुरते. पुसूनही लेकरू श्वास घेत नसेल, तर नाळ लगेच बांधून कापायची, वॉर्मरखाली, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या टेबलावर, घ्यायचे, मान किंचित मागे करून श्वासाची वाट सरळ करायची, घाण अडकली असेल तर आधी तोंड आणि मग नाक साफ करायचे, पाठ चोळायची किंवा तळव्यावर टिचकी मारायची, आणि तरीही श्वास नसेल तर छाती वर येते आहे हे पाहत बॅगने मिनिटाला ४० ते ६० वेळा हवा द्यायची. तोंड आधी का, असे नव्या मुली नेहमी विचारत. नाकात आधी नळी गेली तर लेकरू दचकून श्वास ओढते आणि तोंडातली घाण आत जाते, एवढेच त्याचे कारण.

आता त्या गुणांविषयी. न्यूयॉर्कमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार यांनी ही पद्धत १९५२ मध्ये मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. ॲपगार हे त्यांचे आडनाव. त्यातल्या पाच इंग्रजी अक्षरांवरून पाच खुणा पाठ करण्याची युक्ती साधारण दहा वर्षांनी निघाली. तोपर्यंत प्रसूतीच्या खोलीत सगळ्यांचे लक्ष आईकडे असे, आणि निपचित जन्मलेले मूल बाजूला पडून राही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पाच गोष्टी पाहायच्याच, असा नियम झाल्यामुळे मुलाकडे पाहणे भाग पडले. मला त्या बाईंचे मोठेपण इथे वाटते.

त्या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण असतात. हृदयाचे ठोके मिनिटाला १०० किंवा अधिक असतील तर दोन, त्याखाली एक, नसतील तर शून्य. ते स्टेथोस्कोपने ऐकायचे, नाहीतर बेंबीशी नाळ दोन बोटांत धरून सहा सेकंद मोजायचे आणि दहाने गुणायचे. श्वास : जोरात रडले तर दोन, मंद किंवा अडखळत असेल तर एक. स्नायूंचा ताण : हातपाय आखडून हालचाल करत असेल तर दोन, थोडेसे दुमडलेले असतील तर एक, ओल्या कपड्यासारखे लोंबत असतील तर शून्य. प्रतिसाद : नळी किंवा टिचकी लागल्यावर शिंकले, खोकले, रडले तर दोन, नुसते तोंड वाकडे केले तर एक. शेवटचा रंग : सगळे अंग गुलाबी असेल तर दोन, अंग गुलाबी पण हातापायाचे तळवे निळसर असतील तर एक, सगळेच निळे किंवा पांढरेफटक असेल तर शून्य. हे एकदा पहिल्या मिनिटाला आणि एकदा पाचव्या मिनिटाला पाहतात, म्हणून कार्डावर दोन आकडे असतात. सात ते दहा म्हणजे ठीक, चार ते सहा म्हणजे लक्ष ठेवण्यासारखे, तीन किंवा त्याखाली म्हणजे लेकरू अडचणीत आहे.

आजीबाईंच्या नातवाचा एक गुण बहुधा या रंगात गेला. धडधाकट जन्मलेल्या मुलांचेही हातपाय पहिली काही मिनिटे, कधी दिवसभरही, निळसर राहतात, कारण रक्त आधी मेंदू, हृदय अशा मोठ्या कामांकडे वळते. पूर्ण दहा गुण मिळणारी लेकरे कमीच असतात.

रंगाबद्दल एक गोष्ट मी आवर्जून लिहिते. 'गुलाबी' हा शब्द गोऱ्या कातडीवरून आला आहे. आपल्याकडच्या सावळ्या लेकरांचा, गोंड, कोलाम, कोरकू घरांतल्या मुलांचा रंग अंगाच्या कातडीवरून ठरवायला गेले तर फसगत होते. तिथे जीभ, ओठांची आतली बाजू आणि हिरड्या पाहायच्या. जीभ गुलाबी असेल आणि तळवे निळसर असतील तर घाबरू नये. जीभच निळी असेल तर थांबू नये.

आणि ज्यासाठी मुख्यतः हा धागा लिहायला घेतला, ते असे. हे गुण घड्याळाकडे पाहून, त्या त्या मिनिटाला द्यायचे असतात, आणि बाळंतपण करणाऱ्या व्यक्तीने ते देऊ नयेत असे स्वतः ॲपगार बाईंचे म्हणणे होते, कारण आपल्या हातून जन्मलेल्या मुलाला कमी गुण देताना हात अडखळतो. मी नोकरीत असताना एका ठिकाणी सगळ्या नोंदवहीत एकाखाली एक "९, १०" असेच आकडे पाहिले आहेत, आणि ते पाळी संपताना एकाच पेनने भरलेले होते. त्यातल्या एका लेकराला माझ्यासमोर तीन मिनिटे बॅग लावली होती. त्या लेकराला पुढे झटके आले, आई त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली, आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाती जो कागद पडला त्यावर सगळे उत्तम होते. मी तेव्हा बोलले, पण पुरेशा जोराने बोलले नाही. आज लिहिते आहे.

कापूसवाट

सिस्टर, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातला. आमची मुलगी चार महिन्यांपूर्वी झाली. जन्मल्यावर ती रडली नाही, तिला लगेच उचलून दुसऱ्या टेबलावर नेले आणि बाहेर आम्हाला कोणीतरी सांगितले की "पेटीत टाकले आहे." माझ्या आईने तिथेच हंबरडा फोडला, कारण आमच्या गावात पेटीत ठेवलेले मूल परत येत नाही असाच समज आहे. कार्डावर पहिला आकडा ४ आणि दुसरा ८ आहे. नाळ गळ्याभोवती होती असेही सांगितले. मुलगी आता हसते, मान धरते. तरीही तो ४ माझ्या डोक्यातून जात नाही. पुढे तिच्या बुद्धीवर याचा परिणाम होईल का, हे कोणी स्पष्ट सांगेल का?

जुनी सिस्टर

भाऊ, ज्याला तुम्हाला पेटी म्हणून सांगितले ते बहुधा वॉर्मर असावे, म्हणजे वरून ऊब देणारे उघडे टेबल. प्रसूतीच्या प्रत्येक खोलीत नवजात बाळासाठी असा एक कोपरा असावा लागतो. तिथे नेले म्हणजे लेकराला मदत सुरू झाली. आजारी मुलांना भरती करून ठेवतात तो कक्ष वेगळा. बुद्धीविषयी मी अधिकाराने बोलू नये; डॉक्टरसाहेब हा धागा वाचत असतील तर त्यांनीच लिहावे.

ग्रामीण बालरोग

वाचतो आहे. मी पूर्व विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे.

कापूसवाट, आपल्या मुलीचा पहिला आकडा ४ आणि दुसरा ८ आहे. याचा अर्थ असा की चार मिनिटांच्या आत कोणीतरी योग्य ते केले आणि तिने साथ दिली. पहिल्या मिनिटाचा आकडा जन्माची ती घडी कशी गेली एवढेच सांगतो. त्यावरून पुढच्या बुद्धीचे भाकीत करता येत नाही, आणि तसे करू नये असे बालरोगतज्ज्ञांचे एकमत आहे. पाचव्या मिनिटाला आकडा सातच्या खाली असेल तर दर पाच मिनिटांनी वीस मिनिटांपर्यंत पुन्हा पाहायचे असते, आणि तो खालीच राहिला तर आम्ही सावध होतो. तेव्हाही केवळ आकड्यावर निदान करत नाही. पहिल्या एकदोन दिवसांत झटके येणे, लेकरू सुस्त पडणे, आईचे दूध न ओढणे, श्वास स्वतःहून न टिकणे अशा गोष्टी सोबत असतील तर मेंदूला प्राणवायू कमी पडल्याची शंका खरी धरतो आणि त्या मुलांच्या वाढीवर पुढे काही वर्षे लक्ष ठेवतो. शिवाय वेळेआधी जन्मलेल्या मुलाचा ताण आणि प्रतिसाद मुळातच कमी असतो. त्याचे गुण कमी आले म्हणजे ते गुदमरलेच होते असे नाही. चार महिन्यांत मान धरणे आणि ओळखीने हसणे ही चांगली लक्षणे आहेत. लसीकरणाला जाल तेव्हा वाढीचे टप्पे तपासून घ्या, एवढे पुरे.

गळ्यात नाळ असणे फार सामान्य आहे. साधारण चार-पाच बाळंतपणांत एकदा ती दिसते, आणि बहुतेक वेळा बोटाने सैल करून डोक्यावरून काढली की काम होते. गावात तिला अपशकुन मानतात, तसे काहीही नाही.

सिस्टरांनी रंगाविषयी जे लिहिले त्याला एक जोड देतो. निरोगी मुलाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्केच असते, आणि ८५ ते ९५ पर्यंत चढायला त्याला दहा मिनिटे लागतात. म्हणून पहिल्या मिनिटाला थोडेसे निळे दिसणे निसर्गाच्या वेळापत्रकातच आहे. पूर्वी असे मूल दिसले की आम्ही थेट शुद्ध प्राणवायू लावत असू. पूर्ण दिवसांच्या बाळाला बॅगने हवा देताना साध्या हवेने सुरुवात करावी, अशी शिफारस २०१० पासून जगभर आहे, कारण जास्तीचा प्राणवायूही इजा करतो. उपकेंद्रावर सिलिंडर नाही म्हणून हात बांधले गेले, असे समजण्याचे कारण नाही. बॅग, योग्य मापाचा मास्क आणि सराव असलेले हात हवेत.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यातली आहे. माझ्या मुलाला दोन्ही वेळा ९ गुण होते, तरी पहिल्या रात्री त्याची तब्येत बिघडली, म्हणून लिहिते. पौष महिना होता. तो जन्मला, रडला, सगळ्यांनी अभिनंदन केले, आणि मला टाके घालेपर्यंत आणि कागद भरेपर्यंत त्याला एका पातळ कपड्यावर टेबलावर ठेवले. अंग नीट पुसलेले नव्हते. खिडकीची एक काच फुटलेली होती. अर्ध्या पाऊण तासाने माझ्याकडे आणले तेव्हा सासूबाईंनी त्याच्या पायांना हात लावला आणि त्या म्हणाल्या, "अहो, हे तं बर्फासारखे आहेत." तो दूध ओढेना. रात्री त्याला दुसरीकडे न्यावे लागले आणि चार दिवस भरती ठेवावे लागले. तो आता पहिलीत आहे आणि उत्तम आहे. मला दवाखान्याचे नाव घ्यायचे नाही. त्या रात्री एकटी सिस्टर तीन बाळंतपणे सांभाळत होती. पण नऊ गुण असलेल्या मुलाचे असे कसे झाले, हे मला कोणी समजावले नाही.

जुनी सिस्टर

ताई, तुमच्या सासूबाईंनी जे केले ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात, आणि त्यांनी ते कोणी न शिकवता केले. ॲपगारच्या पाच गोष्टींत अंगाची ऊब नाही. त्यामुळे पाच मिनिटांना नऊ गुण असलेले लेकरू अर्ध्या तासात गारठू शकते आणि कार्डावर त्याचा मागमूस राहत नाही.

लेकरू ओले जन्मते, आणि ओले अंग वाळताना ऊब घेऊन जाते. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, कातडी पातळ, चरबी थोडी, आणि आपल्यासारखे कुडकुडून ऊब तयार करणे त्याला जमत नाही. गार टेबल, गार वजनकाटा, वाऱ्याची झुळूक, शेजारची गार भिंत, हे सगळे त्याच्या अंगातली ऊब ओढून घेतात. गारठलेले लेकरू साखर आणि प्राणवायू जास्त खर्च करते, मग ओढत नाही, ओढले नाही म्हणून आणखी साखर उतरते. एवढ्या साध्या कारणाने चांगले लेकरू हातचे जाते.

हाताच्या पालथ्या बाजूने आधी पोटाला आणि मग तळपायाला स्पर्श करायचा. दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर लेकरू गारठायला लागले आहे. लगेच आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून घ्यायचे आणि पाजायचे. दोन्ही गार असतील तर ते आजारी समजायचे आणि छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे.

आपल्याकडे लोक गारठ्याला हिवाळ्यातले दुखणे समजतात. मी सर्वांत गारठलेली लेकरे मे महिन्यात पाहिली आहेत. बाहेर ४५ अंश, प्रसूतीच्या खोलीत कूलर, बाळंतीण घामाने भिजलेली म्हणून कूलरचे तोंड टेबलाकडे फिरवलेले, आणि त्या ओल्या झोतात नुकतेच जन्मलेले ओले लेकरू. आईला वारा हवाच, तिचा जीव तळमळत असतो, पण लेकरू बाहेर येताना पाच-दहा मिनिटे पंखा आणि कूलर बंद करावा, आणि घरच्यांनी तसे म्हटले तर सिस्टरने राग मानू नये. पहिली आंघोळही घाईने घालू नये. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नसतो, तो कातडीचे रक्षण करतो. निदान पहिला दिवस जाऊ द्यावा, आणि अडीच किलोच्या आतले लेकरू असेल तर आणखी थांबावे.

मेळघाटची आशा

सिस्टर, मी धारणी तालुक्यात आशा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी पाड्यापर्यंत येत नाही, आणि काही बाळंतपणे आजही घरीच होतात. मला निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत कधी तास उलटलेला असतो. घरी झालेल्या बाळंतपणात मला १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. पण तासाभराने गेल्यावर ते पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे गुण मी कुठून लिहू? एकदा मला "अंदाजे भरून टाक" असे सांगण्यात आले होते. मी ते भरले नाही, पण तेव्हापासून मनात आहे की मी चुकले का?

जुनी सिस्टर

बाई, तू चुकली नाहीस. न पाहिलेले लिहायचे नाही. तिथे असलेल्या बाईला विचारायचे : लेकरू लगेच रडले का, किती वेळाने रडले, अंग ढिले होते का, काय केले. ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहायचे.

आणि हे काही कमी दर्जाचे काम नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांच्या हातांनी. त्या आरोग्यदूत बाया ॲपगारचे दहा गुण मोजत नव्हत्या. पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला लेकरू रडते का आणि श्वास कसा घेते, एवढे नेमके पाहत आणि लिहीत होत्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. पुढे देशभरात आशांच्या घरभेटी सुरू झाल्या त्याचे मूळ आपल्याच विदर्भात आहे. तू जी वही घेऊन नाला ओलांडतेस, ती तिथून आली आहे.

तासाने पोहोचलीस तर श्वास पूर्ण एक मिनिट मोज, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, कारण लेकराचा श्वास मध्ये मध्ये थांबतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक आले तर लेकरू शांत असताना पुन्हा मोज. छाती आत ओढली जाते का आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का ते पाहा. पोट आणि तळपाय हाताळ. झोळीच्या काट्याने वजन घेताना झोळीत कपडा घाल आणि काटा आधी शून्यावर आण. मग आईला पाजायला सांग आणि लेकरू खरोखर ओढते का ते शेजारी बसून पाहा. मला विचारशील तर या सगळ्यात ओढणे ही सर्वांत बोलकी खूण आहे. काल ओढणारे लेकरू आज ओढत नसेल, तर आणखी काही दिसो न दिसो, १०८ ला फोन कर.

मेळघाटची आशा

धन्यवाद. एक सांगते. आमच्याकडे पोट फुगले, लेकरू निळे पडले की पोटावर डागण्या देतात. मी म्हाताऱ्यांशी वाद घालत नाही. भेटीला गेले की आजीचाच हात धरून लेकराच्या पोटाला आणि पायाला लावते आणि श्वास तिच्यासमोर मोठ्याने मोजते. आता दोन घरांतून आजीनेच मला बोलावून सांगितले की पाय गार लागतात. त्या दोन्ही लेकरांना आम्ही वेळेवर नेले, आणि त्या घरांत कोणी डागण्या दिल्या नाहीत.

ग्रामीण बालरोग

या अनुभवाबद्दल आपले मनापासून आभार. तो आमच्या प्रशिक्षणात सांगण्यासारखा आहे.

जन्माच्या घडीला न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलही लिहायला हवे. लेकरू स्थिर झाले, पाजून झाले की डोक्यापासून पायापर्यंत एकदा उघडे करून पाहिले पाहिजे : डोक्याची टाळू, डोळ्यांतील पांढुरके ठिपके, तोंडात बोट घालून टाळ्याची चीर, पाठीच्या कण्यावरची गाठ किंवा खळगा, शीची जागा उघडी आहे का, खुबे, आणि पावले आत वळलेली आहेत का. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी जन्माच्या ठिकाणीच होणे अपेक्षित आहे. वळलेली पावले पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर लावायला सुरुवात केली तर बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होतात. वर्षाने आणले तर आम्हालाही वाईट वाटते. पहिली काळपट हिरवी शी २४ तासांत आणि लघवी ४८ तासांत झाली पाहिजे. व्हिटॅमिन केचे इंजेक्शन, बीसीजी ही क्षयाची लस, पोलिओचे शून्य मात्रेचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस, हे घरी जाण्याआधी विचारून घ्यावे.

विदर्भात आणखी एक. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेले मूल जन्मताना अगदी निरोगी दिसते आणि त्याला नऊ गुण मिळतात, कारण पोटातील काळातले वेगळे हिमोग्लोबिन त्याला पहिले काही महिने सांभाळते. लक्षणे साधारण सहा महिन्यांच्या आसपास दिसू लागतात. आई आणि वडील दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा अंश असेल, तर जन्माच्या गुणांवर विसंबू नका, बाळाची वेगळी रक्त तपासणी मागा.

कापूसवाट

डॉक्टरसाहेब, सिस्टर, तुमचे आभार. आई शेजारी बसून हे सगळे ऐकते आहे. तिचा एक प्रश्न आहे : आमच्या शेजारच्या घरी मागच्या महिन्यात मूल झाले, त्यांच्या कार्डावर ती जागा कोरीच आहे. त्यांनी काय करावे?

जुनी सिस्टर

काकूंना नमस्कार सांगा. कोरी जागा खोट्या आकड्यापेक्षा बरी. त्या घरच्यांनी दवाखान्यात जाऊन, आवाज न चढवता, चार गोष्टी विचाराव्यात : लेकरू जन्मल्यावर किती वेळाने रडले, बॅग लावावी लागली का आणि किती मिनिटे, वजन किती होते, आणि पहिल्यांदा अंगावर कधी पाजले. त्या वेळी खोलीत जी सिस्टर किंवा आशा होती तिला बहुतेक आठवत असते. उत्तरे मिळाली की माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर, कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला सांगितले हे धरून, पेनने लिहून ठेवावीत, आणि पुढच्या लसीला जाताना ते पान डॉक्टरांना दाखवावे.